हरवलेल्या 55,000 किलोमीटरांविषयी अनावृत पत्र

श्रीयुत मालक, जुन्या मोटारींचे दुकान, मुक्काम पुणे, यांस



गेल्या शनिवारी आपल्या दुकानी सन 2019 ची जी पांढरी वॅगन-आर आपण आम्हांस दाखविलीत, जिचे पूर्वीचे मालक नाशिकचे एक डॉक्टर असून रविवारच्या देवदर्शनाखेरीज त्यांनी ती कधी बाहेर काढली नाही असे आपण गळ्याला हात लावून सांगितलेत, आणि जिच्या मीटरवर त्या भक्तिमार्गाची साक्ष म्हणून 38,200 किलोमीटर एवढाच आकडा झळकत होता, त्या गाडीसंबंधी ही चार अक्षरे लिहीत आहे. बयाणा देऊन झाल्यावर सौदा पुरा करण्यापूर्वी रुजुवात करावी, या आमच्या घराण्याच्या जुन्या खोडीस अनुसरून मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गेलो व गाडीचे दफ्तर पाहिले. गतवर्षी दिवाळीच्या आधी तेल बदलण्यासाठी ती तेथे आली, तेव्हा 93,640 किलोमीटर चालली होती, अशी तेथे नोंद आहे. त्यानंतर ती सबंध वर्षभर उलटीच चालली असल्यास गोष्ट निराळी.

वजाबाकी केली तर 55,440 किलोमीटरांचा ठावठिकाणा लागत नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे 40,075 किलोमीटर भरतो; म्हणजे आपण एका बैठकीत सबंध पृथ्वीप्रदक्षिणा पुसून टाकलीत, आणि तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येण्याच्या तीसएक खेपाही त्याच फडक्याने पुसून घेतल्यात. फिरत्या चकत्यांचे मीटर होते त्या काळी हे काम करणाऱ्या इसमास पेचकस घेऊन घाम गाळावा लागे, आणि चकत्या ओळीत न बसल्या तर चोरी उघडी पडे. हल्ली सुकाणूखालच्या खाचेत एक वायर अडकवावी, मांडीवरच्या संगणकात मनास येईल तो आकडा लिहावा आणि चहा येण्यापूर्वी मोकळे व्हावे, इतकी ही विद्या सुलभ झाली आहे. या कृत्यास आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चारशेविशी म्हणत आले. पण 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत फसवणुकीचे कलम 318 झाले आहे. तेव्हा आकडे खाली आणण्याचा छंद एकट्या आपल्यालाच आहे, असा आरोप मला करता येत नाही.

माझी तक्रार आहे ती कामाच्या अर्धवटपणाविषयी. मीटर फिरविलात, पण क्लचच्या पायपट्टीवरचे रबर तसेच राहू दिलेत, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या रेषा झिजून तेथे आतले लोखंड डोकावत होते. गिअरच्या दांड्यावर कोरलेल्या आकड्यांपैकी पहिला आणि दुसरा जवळजवळ नाहीसे झाले होते, म्हणजे बिचारे डॉक्टर देवळापर्यंतचा सारा मार्ग वाहतुकीच्या कोंडीतच कंठीत असले पाहिजेत. चारही टायरांच्या बाजूस 1423 असा शिक्का होता. त्याचा अर्थ सन 2023 चा चौदावा आठवडा, हे आपल्यासारख्या जाणत्यास मी सांगावे असे नाही. आता सन 2019 च्या गाडीला 38,200 किलोमीटरांच्या आतच टायरांचा दुसरा जोड लागला, तर मधल्या काळात ती गाडी कोणत्या देवाला गेली, हा प्रश्न आमच्यासारख्या अश्रद्ध माणसाला पडतोच. केसांना कलप लावणारा गृहस्थसुद्धा मिशा विसरत नाही.

बाकीच्या गोष्टी मी मनावर घेत नाही. आम्ही येण्यापूर्वीच इंजिन चालवून गरम करून ठेवले होते, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना करते तो खडखडाट कानी पडू नये, ही व्यवस्था मी आतिथ्यात जमा धरतो. डाव्या मागच्या काचेवरचा शिक्का इतर काचांशी जुळत नव्हता आणि दाराच्या रबरावर पांढऱ्या रंगाचे तुषार उडाले होते, असो. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला असता त्यावर पुराच्या गाळाची रेघ आढळली नाही, याबद्दल आपले आभारही मानतो.

मात्र गाडीची मालकी बदलण्याच्या नमुना 29 व नमुना 30 वर नाशिकच्या डॉक्टरांच्या कोऱ्या सह्या आपण फायलीत जपून ठेविल्या आहेत, आणि खरेदीदाराचे नाव, तारीख वगैरे मजकूर पुढे सवडीने भरावयाचा आहे, हे पाहून मला त्या सद्गृहस्थाची खरोखर कणव आली. गाडी विकल्याची वर्दी विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावी, असा कायदा आहे; आणि दफ्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईच्या कामी मालक, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे. गाडी गेली, पैसे आले, अशा समाधानात ते रोगी तपासत बसले असतील. आपल्या दुकानातून चाचणीसाठी बाहेर पडलेला प्रत्येक उतावळा तरुण वास्तविक त्यांच्या नावावर गाडी हाकतो आहे, याची त्यांना गंधवार्ता नसावी.

आणि आता जे लिहावयाचे आहे, त्यासाठी मला विनोदाचा सूर सापडत नाही.

किल्ली फिरविली की समोरच्या पटलावरचे सगळे इशाऱ्याचे दिवे काही क्षण लागतात आणि मग एकेक विझतात. एअरबॅगचा लाल दिवा विझला नाही तर दोष आहे हे पोरासोरांनाही कळते. पण आपल्या गाडीत तो दिवा लागलाच नाही. आमच्या मिस्त्रींनी किल्ली पुन्हा फिरवून पाहिली, मग स्कॅनर लावला, तर त्या यंत्रणेकडून उत्तरच येईना. सुकाणूच्या मधल्या झाकणाचा काळा रंग भोवतालच्या काळ्याहून अंमळ फिका होता. गाडी कुठेतरी समोरून आदळली असणार, फुगा फुटला असणार, नवा बसविण्याचा खर्च वाचविला गेला असणार, आणि ज्या पटलात हात घालून किलोमीटर उतरविले त्याच पटलात तो दिवाही कायमचा आंधळा केला गेला असणार. 1 जुलै 2019 पासून चालकापुढे एअरबॅग असल्याखेरीज या देशात नवी मोटार विकता येत नाही. शासनाने जी वस्तू सक्तीची केली, तिची आपण टरफले ठेवलीत. ही गाडी माझ्या पुतणीसाठी होती. ती रोज हिंजवडीला जाणार, पावसात, रात्री-अपरात्री, आणि तिचे कपाळ त्या पोकळ झाकणापासून हातभर अंतरावर असणार. आपण तिला समोर बसवून चहा पाजलात. "ताई, डोळे झाकून घ्या," म्हणालात. लाज वाटावयास हवी होती!

इतके लिहून झाल्यावर आपले एक वाक्य मात्र माझा पिच्छा सोडीत नाही. नोंदीचा कागद मी पुढे केला तेव्हा आपण हात झटकले नाहीत, आवाजही चढविला नाहीत, खुर्चीत मागे टेकून एवढेच बोललात, "काका, खरा आकडा लिहिला तर फोनच वाजत नाही." हे असत्य आहे असे मला म्हणवत नाही. आमच्या मध्यमवर्गाला जुनी गाडी म्हणजे स्वस्तात मिळालेली नवी गाडी हवी असते. किती फिरली आणि किती ॲव्हरेज देते, या दोन प्रश्नांपलीकडे आमचे परीक्षण जात नाही. ब्रेकचे तेल कधी बदलले, हे विचारणारे गिऱ्हाईक आपणास वर्षातून एखादे भेटत असेल. लाखाचा टप्पा ओलांडलेली पण वेळच्या वेळी तेलपाणी झालेली गाडी पाहून आम्ही नाक मुरडतो आणि तिच्या शेजारच्या खोटारडीला बयाणा देतो. जागेचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि पोरांचे पगार आपणास दरमहा खरेच द्यावे लागतात; ते काही आमच्या निष्पाप अपेक्षांवर भागत नाहीत. एअरबॅगच्या बाबतीत यातले काहीही आपल्या कामी येणार नाही, पण मीटरच्या गुन्ह्यात आम्हां सर्वांचा वाटा आहे, हे कबूल.

मागच्या भिंतीला लागून एक करड्या रंगाची सन 2016 ची गाडी उभी आहे. मीटरवर 1,18,000 च्या वर आकडा, डाव्या दाराला पोचा, आणि पुढच्या कप्प्यात पहिल्यापासूनच्या सर्व सर्व्हिस पावत्या तारीखवार दोऱ्याने बांधलेल्या. ती दसऱ्यापासून कोणी पाहिलीसुद्धा नाही, असे आपल्या पोराने तिच्यावरची धूळ झटकताना मला सांगितले. तिचा मीटर आपण अद्याप उघडला नसेल, तर कृपा करून उघडू नये. पांढऱ्या गाडीपोटी दिलेला पाच हजारांचा बयाणा तिच्या खाती वळता करावा आणि नमुना 29 वर खरेदीदाराचे नाव व तारीख माझ्यादेखत भरण्याची तजवीज ठेवावी. रविवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन येतो. पोचा काढू नका. त्याचे पैसे मात्र किमतीतून कमी करून घेणार आहे.

कळावे, लोभ असावा,

आपला,
एक गिऱ्हाईक