नसलेल्या पोरांची काळजी

सध्या माझ्या पदरी बावीस वर्षांची दोन पोरं आहेत. दोघं सहा फुटांच्या आसपास, दोघं धट्टीकट्टी, आणि दोघंही अस्तित्वात नाहीत. त्यांना चेहरा नाही, आईबाप नाहीत, भूक नाही. आकडे मात्र रग्गड आहेत. चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतात, उभ्या जागेवरून किती इंच उडतात, सव्वादोनशे पौंडांची दांडी छातीवरून कितीदा उचलतात, सगळं मला तोंडपाठ. माझ्या पोटच्या पोराचं आजचं वजन विचाराल तर मला अंदाजच करावा लागेल.

खरं तर ही त्याचीच देणगी. आम्ही पिट्सबर्गला राहतो, आणि या गावात अमेरिकन फुटबॉलशी संबंध न ठेवता राहणं म्हणजे आळंदीत राहून टाळ न ऐकण्यासारखं आहे. लेक कॉलेजला गेला तेव्हा त्याच्या खोलीत तीन गोष्टी मागे राहिल्या: न धुतलेले मोजे, एक गिटार आणि एक फुटबॉल संघ. संघ संगणकातला. बत्तीस मालक, प्रत्येकाकडे एक संघ, आणि आठवड्यातून दोनदा रात्री लीगचा आयुक्त एक बटण दाबतो की सगळे सामने दहा मिनिटांत आपोआप खेळले जातात. यात हलती चित्रं वगैरे नसतात. प्रत्येक चालीमागे एक ओळ उमटते: अमक्याने चेंडू फेकला, तमक्याने पकडला, अकरा यार्ड. टेलिप्रिंटरवर महाभारत वाचावं तसं आपण वाचत जायचं. ‘आई, परीक्षा संपेपर्यंत फक्त बघ, कशाला हात लावू नकोस,’ असं लेक सांगून गेला. मी हात लावला.

इथले बहुतेक लोक फँटसी फुटबॉल खेळतात, ते वेगळं. तो प्रकार 1962 च्या सुमारास ओकलंडच्या काही मंडळींच्या डोक्यातून निघाला. त्यात खेळाडू खरे असतात आणि मालकी तेवढी खोटी. आमच्या लीगमध्ये खेळाडूही खोटे. दरवर्षी संगणक नव्या पोरांची एक तुकडी जन्माला घालतो. जन्मतःच ती कॉलेज उत्तीर्ण असतात, त्यामुळे पालकांचा खर्च वाचतो. मग सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो. आदल्या हंगामात जो सगळ्यात जास्त हरला त्याने आधी निवडायचं. लेकाच्या कारकिर्दीत आमचा संघ इतक्या मनापासून हरला होता की चौथा क्रमांक आमचा होता. संघाचं गाव वायोमिंगमधलं शायान. त्या राज्यात एनएफएलचा, म्हणजे खऱ्या व्यावसायिक लीगचा, संघ नाही, म्हणून मुद्दाम निवडलेलं. आता मी रोज सकाळी आधी शायानचा वारा बघते आणि मग पिट्सबर्गचा पाऊस.

चौथ्या क्रमांकावर मी एक आडदांड लाइनमन घेतला. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. तिसऱ्या आणि सहाव्या फेरीत मात्र मी दोन सेफ्टी उचलले, आणि तिथून माझी झोप गेली.

सेफ्टी म्हणजे बचावाच्या अकरा जणांत सगळ्यात मागे उभे राहणारे दोघे. पुढची धटिंगण मंडळी एकमेकांना ढकलत असतात, त्यांच्या मागे लाइनबॅकर, कडेला कॉर्नरबॅक, आणि पार मागे, दहा-पंधरा यार्डांवर हे दोघे. बाकी सगळे चुकले तर यांनी सावरायचं. हे चुकले तर सावरायला मागे फक्त गोलाचे खांब. एक फ्री सेफ्टी. तो समोरच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, डोळ्यांकडे बघून चेंडू कुठे जाणार हे ओळखतो. दुसरा स्ट्राँग सेफ्टी. तो थोडा पुढे सरकून येईल त्याला आडवा करतो.

आणि या कामाची खरी गोम अशी की ते उत्तम झालं तर दिसत नाही. मैदानाच्या ज्या भागात चांगला सेफ्टी उभा असतो तिकडे शहाणा क्वार्टरबॅक चेंडू फेकतच नाही. चेंडू आला नाही म्हणजे पकडला नाही, अडवला नाही, नोंद झाली नाही. खऱ्या मैदानावर निदान जाणकारांच्या डोळ्यांना ते कळतं. आमच्याकडे डोळे कुठून आणायचे? आमच्याकडे फक्त नोंदी. म्हणजे नसलेल्या माणसाने न घडलेल्या गोष्टींसाठी पगार घ्यायचा, आणि तो बरोबर मिळतोय का हे मी ठरवायचं! अद्वैत वेदान्ताच्या प्राध्यापकांनी ही लीग जरूर खेळावी.

म्हणूनच सेफ्टीला ड्राफ्टमध्ये फारसं वरचं स्थान मिळत नाही. खऱ्या एनएफएलच्या इतिहासात बचावाच्या या मागच्या फळीतला एकच खेळाडू पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, गॅरी ग्लिक, 1956 साली. निवडणारा संघ कोण? आमचाच, पिट्सबर्ग स्टीलर्स. तेव्हा पहिल्या निवडीचा मान चिठ्ठी काढून मिळे. तो नशिबाने मिळाला, आणि प्रशिक्षकांनी पोराला प्रत्यक्ष न बघता, त्याच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचं पत्र वाचून घेऊन टाकलं, असं इथले जुने लोक अजून कपाळाला हात लावून सांगतात. मला मात्र त्या प्रशिक्षकांबद्दल जिव्हाळा वाटतो. निदान पत्र तरी आलं होतं. मला कोण पत्र पाठवणार?

आणि न बघता निवडण्याचं म्हणाल तर 1936 च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे मैदानावर नसलेला खेळाडू निवडण्याची प्रथा मूळ पुरुषापासून चालत आली आहे. आम्ही ती फक्त शिस्तीत आणली.

आमच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक निवडीला आठ तास मिळतात. मालक टेक्सासपासून स्कॉटलंडपर्यंत विखुरलेले, कोणी रात्रपाळीची नर्स, कोणी निवृत्त वकील. आठ तासांत निवडलं नाही तर संगणक तुमच्या वतीने निवडतो, आणि त्याला पंटरांचं, म्हणजे चेंडू लाथाडून लांब पाठवणाऱ्यांचं, फार प्रेम. एक गृहस्थ झोपले आणि उठले तेव्हा दुसऱ्या फेरीत पंटर घेऊन बसले होते. सगळे हसले, पण मी नाही. जागी असलेली, पगारी माणसंही असं करतात. 2012 मध्ये जॅक्सनव्हिलने तिसऱ्या फेरीत, सत्तराव्या क्रमांकावर पंटर घेतला, आणि पाचच नावांनंतर सिअॅटलने रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक उचलला.

तिसऱ्या फेरीत माझी पाळी आली तेव्हा मी पेन हिल्सच्या बालाजी मंदिरात पुळिओगरेच्या (चिंचेच्या भाताच्या) रांगेत होते. पाहिजे असलेला सेफ्टी नेमका माझ्या आधी त्या निवृत्त वकिलाने पळवला होता. माझ्या तोंडचा घासच. रांगेत पुढे सरकत मी उरलेल्यांतून एक निवडला, त्याचं नाव ठेवलं थोरला. सहाव्या फेरीतला तो धाकटा. संगणकाने दिलेली नावं इतकी गुळगुळीत आहेत की ती मला दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत.

थोरला वाऱ्यासारखा पळतो. चाळीस यार्ड साडेचार सेकंदांच्या आत. पण समजेचा आकडा बेताचा. समोरच्या क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूच्या पोटाशी नेऊन दिल्यासारखं केलं की हा भाबडा जीव धावपटूला धरायला पुढे झेपावतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. पहिल्या सामन्यात ओळ उमटली: लांब पास, पंचावन्न यार्ड, टचडाउन. पुढच्या डावात तीच ओळ, यार्ड तेवढे वेगळे. धाकट्याचं उलट. पळायला मंद, पण समज अशी की वयाला शोभू नये.

‘आई, एवढा स्लो सेफ्टी कोण घेतं?’ लेकाने फोनवर विचारलं. मी त्याला काइल हॅमिल्टनचं नाव सांगितलं. 2022 मध्ये इंडियानापोलिसच्या चाचणीत तो चाळीस यार्ड 4.59 सेकंदांत पळाला, लोकांनी नाकं मुरडली, तो चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि आता गाजतोय. फोनवर शांतता पसरली. हॅमिल्टन बाल्टिमोरचा, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांचा. आमच्या घरात बाल्टिमोरच्या खेळाडूचं कौतुक म्हणजे सोवळ्यात कांदा. आतल्या खोलीतून नवरा ओरडला, ‘पोलामालूचं सांग ना!’

तेही सांगितलं. ट्रॉय पोलामालू, या गावाचं दैवत. कमरेकडे निघालेले कुरळे केस, ज्यांचा 2010 मध्ये एका शांपू कंपनीने दहा लाख डॉलरचा विमा उतरवला. (माझ्या केसांचा विमा माझ्या आईने आयुष्यभर खोबरेल तेलात उतरवला, पण ते असो.) हा पोलामालू 2003 मध्ये पहिल्या फेरीत आला आणि पहिल्या वर्षी त्याने प्रतिस्पर्ध्याचा एकही पास पकडला नाही. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा थोरल्याला वेळ द्यायला हवा, असं माझं आणि नवऱ्याचं एकमत झालं. लग्नानंतरच्या आमच्या मोजक्या एकमतांपैकी हे एक.

रावेरला आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी एकदा चुकून थोरल्याचा विषय काढला. तिने शांतपणे उंची विचारली, शिक्षण विचारलं, पगार विचारला, आणि करार चार वर्षांचा आहे म्हटल्यावर म्हणाली, ‘पुढचं काय मग?’ खरा नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तिच्या नातीसाठी, माझ्या भाचीसाठी, दोन वर्षं शोध चालू आहे.

तिला आवडला तो एम्लेन टनेल. हा खरा, पण ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. 1948 मध्ये पेनसिल्व्हेनियाहून लिफ्ट मागत, म्हणतात की केळ्यांच्या ट्रकमध्ये बसून, तो न्यू यॉर्क जायंट्सच्या कचेरीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला खेळवून बघा. सेफ्टी म्हणून त्याने कारकिर्दीत 79 पास पकडले, आणि 1967 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. केळ्यांचा ट्रक म्हटल्यावर रावेरच्या माणसाला बाकी काही पटवावं लागत नाही. ‘आपल्याच ट्रकवाल्यासारखा असेल कोणी, भला माणूस,’ आई म्हणाली.

परीक्षा संपल्या आणि लेकाने संघ परत मागितला. मी म्हटलं, हंगाम ऐन रंगात आहे, धाकटा रुळतोय, आता मालक बदलला तर पोरांच्या मनावर परिणाम होईल. तो म्हणाला, ‘आई, त्यांना मन नाहीये.’ प्रकरण आयुक्ताकडे गेलं. आयुक्ताने दोन्ही बाजूंचे सामने मोजले आणि संघ माझ्याकडेच ठेवला. लेकाला दुसरा संघ मिळाला. त्याच्या मालकाला जुळं झालं होतं आणि त्याने कायमची रजा घेतली होती. हा संघ नेमका आमच्याच गटात निघाला, म्हणजे वर्षातून दोनदा गाठ.

पहिल्या गाठीच्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. धाकटा मंद आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने धाकट्याच्या बाजूने लांब पास फेकायची योजना भरून ठेवली होती. हे मला नंतर कळलं. रात्री आयुक्ताने बटण दाबलं. मी आणि नवरा ओळी वाचत बसलो. त्याचा क्वार्टरबॅक रात्रभर चार-पाच यार्डांचे मिळमिळीत पास देत राहिला. थोरला एकदा हुलकावणीला फसलाच, ते सोडा. सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मी धाकट्याची रांग उघडली. पकडलेले पास शून्य, अडवलेले शून्य, त्याच्या दिशेने आलेले शून्य. नवरा म्हणाला, ‘आज काहीच केलं नाही वाटतं याने.’ मी त्याला चहा दिला नाही.

दोन दिवसांनी लेकाचा फोन आला. तब्येत विचारली, थंडी विचारली, आजीची चौकशी केली. मग म्हणाला, ‘तुझा तो सहाव्या फेरीतला विकायचाय का?’

‘काय देतोस?’

‘दुसऱ्या फेरीची निवड. आणि एक पंटर.’

पंटर तूच ठेव, पहिल्या फेरीचं बोल, असं मी सांगितलं आहे. तो विचार करून कळवणार आहे.