रेड वाईनचं नाव चारचौघांत कसं घ्यावं?

वाईन कशी प्यावी हे सांगणारे नाशिकमध्ये पैशाला पासरी मिळतात. तिचं नाव कसं घ्यावं, याकडे मात्र जाणकारांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. अभ्यासासाठी 'दिंडोरी रिझर्व्ह शिराज' ही बाटली घेऊ. तीन शब्दांपैकी पहिला गाव, दुसरा रुबाब, तिसरा घोळ.

१. शिराज : उच्चार ठसक्यात करावा. 'सिराज' म्हणू नये, तो बोलर आहे. कोणी उगम विचारलाच, तर इराणमधलं शिराज, हाफिज-सादींचं गाव, तिथून वेल फ्रान्सला नेणारा धर्मयोद्धा अशी दंतकथा रंगवून सांगावी. समोर अभ्यासू माणूस असेल तर सांगू नये. १९९०च्या दशकाअखेर डीएनए तपासणी झाली आणि आईबाप दोघंही आग्नेय फ्रान्सचे निघाले : द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. फ्रेंच लोक या द्राक्षाला 'सिरा' म्हणतात. 'शिराज' हे नाव रूढ केलं ऑस्ट्रेलियाने. म्हणजे इराणी नाव, फ्रेंच रक्त, ऑस्ट्रेलियन वळण आणि सातबारा नाशिकचा.

२. रिझर्व्ह : स्पेनमध्ये रेड वाईनला 'रिझर्वा' म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षं मुरावं लागतं. आपल्याकडे रिझर्व्ह म्हटलं की पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट आठवतं. हा शब्द भरभर उरकावा.

३. दिंडोरी : इथे सर्वाधिक सावधगिरी हवी. नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव महाराष्ट्रभर स्वामी समर्थांच्या केंद्रामुळे ठाऊक आहे. त्यामुळे 'काल रात्री दिंडोरी घेतली' असं सासरेबुवांसमोर बोलू नये. 'दिंडोरीला जाऊन आलो' एवढंच म्हणावं. ते प्रसाद मागतील, तेव्हा काय द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

४. घरगुती नावं : 'सुला' हा शब्द इथे कुठल्याही वाईनला चालतो, जसा 'झेरॉक्स' कुठल्याही प्रतीला. पण सुला वाईनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी हे नाव आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून ठेवलं आहे. तेव्हा 'सुला संपवली' हे वाक्य जरा बेतानेच वापरावं. 'यॉर्क' वाईनरीचं नाव ऐकल्यावर इंग्लंडची राणी आठवू नये. ती योगिता, रवी आणि कैलाश या भावंडांची आद्याक्षरं आहेत. 'रासा शिराज' मागवताना 'रा' लांबवावा. नाहीतर तांबडा रस्सा येतो, आणि सोबत दोन भाकरी.

५. बागायतदारासमोर : नाव घेऊच नये. त्याच्या लेखी थॉमसन हा खायचा माल आणि बारीक, बियांचं ते वाईनचं द्राक्ष. तो नाव नाही, भाव विचारतो.

६. वेटरसमोर : 'लाल की पांढरी?' या प्रश्नाला 'लाल' हे उत्तर पुरेसं आहे. फ्रेंच उच्चार करून वर बर्फ मागू नये.

शेवटी निकाल. ऱ्होन नदीकाठी याच शिराज द्राक्षाची सर्वांत नावाजलेली वाईन 'एर्मिताज' या नावाने विकतात. ते एका टेकडीचं नाव. द्राक्षाचा उल्लेख लेबलवर सहसा नसतोच. वाईन मातीच्या नावाने ओळखावी, ही फ्रेंचांची जुनी रीत. त्या हिशेबाने आपल्या बाटलीवरचा अस्सल शब्द एकच. तेव्हा वय एकवीस पूर्ण असेल आणि गाडी दुसरं कोणी चालवणार असेल, तर खुशाल मान वर करून 'दिंडोरी' मागवा. फक्त सासरेबुवा कुठल्या टेबलावर बसलेत, ते आधी बघून घ्या.