रीळशुश्रूषा

मासेमारी ही रीळ खराब करण्याची एक महागडी रीत आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मासे काय, मिरकरवाड्याच्या बंदरावर मिळतात, सांगितलं तर कापूनही देतात. साफ करण्यालायक रीळ मात्र स्वतःच खाऱ्या पाण्याशी जाऊन तयार करावं लागतं.

भाट्याच्या किनाऱ्यावर नाहीतर मांडवीच्या जेटीवर चार तास गरवत बसलं, की मासा लागो न लागो, मीठ लागतंच. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आमटीत एवढं पडलं तर आमच्या घरी तीन दिवस चर्चा चालेल. रीळ ते मुकाट्यानं पोटात घालतं आणि पुढच्या आठवड्यात हँडल फिरवलं की करकरा दात खाऊन दाखवतं.

त्यामुळे घरी आल्यावर पहिला कार्यक्रम आंघोळीचा. आधी रिळाची, मग माझी. ड्रॅगची, म्हणजे दोरी किती जोरानं सुटावी ते ठरवणारी, चकती घट्ट पिळायची, म्हणजे स्पूलच्या आत पाणी शिरत नाही, आणि गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हातानं धुवायचं. काही उत्साही मंडळी गाडी धुवायचा पाइप लावतात. त्या जोरानं बाहेरचं मीठही बेअरिंगपर्यंत सुखरूप पोचतं. पुसून, सावलीत वाळवून झालं की ड्रॅग सैल सोडायचा. आवळून ठेवला तर आतले वॉशर दबून बसतात, आणि मोठा मासा ओढायला लागला की दोरी अडखळत सुटते आणि तुटते. एवढं होईपर्यंत बायको टॉवेल शोधत असते. तो रिळाभोवती असतो.

इथवर कोणीही करतं. खरी मजा रीळ उघडण्यात आहे. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल ताब्यात घ्यायचं, अंड्यांचा रिकामा ट्रे समोर ठेवायचा आणि निघेल तो भाग ओळीनं एकेका खळग्यात ठेवत जायचं. हँडल, बाजूचं झाकण, मोठा गिअर आणि त्याच्याखालची कागदाएवढी पातळ शिम. ही शिम मोठी बेरकी. गिअरच्या ग्रीसला चिकटून गुपचूप बाहेर येते आणि फडक्याबरोबर कचऱ्यात निघून जाते. म्हणून पायरीपायरीला मोबाइलवर फोटो काढायचा. माझ्या फोनमध्ये मुलाच्या वाढदिवसापेक्षा गिअरचे फोटो जास्त आहेत आणि हे मुलाला माहीत आहे.

मग दातांच्या जुन्या ब्रशनं काळं पडलेलं ग्रीस खरवडायचं. बेलच्या, म्हणजे दोरी स्पूलवर गुंडाळणाऱ्या तारेच्या, टोकाशी एक रोलर असतो, करंगळीच्या नखाएवढा. सगळी तंगुसाची दोरी त्याच्यावरून जाते, आणि सगळ्यांचं दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. तो अडला की दोरी पीळ खाते, पुढच्या फेकीला गुंता होतो आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. त्याला पाहिजे असतो तेलाचा फक्त एक थेंब.

कुठल्या तेलाचा, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. सासऱ्यांची खोबरेलावर श्रद्धा. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, आणि बरीचशी खायची तेलं हवा लागून चिकट होत जातात. आईनं वादात न पडता शिलाई मशीनच्या तेलाची बुधली पुढे सरकवली. बेअरिंगला ते चांगलं चालतं. आजच्या स्पिनिंग रिळाच्या पूर्वजाचं पेटंट १९०५ साली घेतलं तेसुद्धा ब्रॅडफर्डच्या एका गिरणीवाल्यानं, आल्फ्रेड इलिंगवर्थनं. चात्यांवरून सूत सुटताना बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात.

"म्हणजे आमच्याच खात्यातलं की!" आई म्हणाली, आणि तेव्हापासून ती मुख्य सल्लागार आहे.

ग्रीसच्या बाबतीत मात्र मी आईचंही ऐकत नाही. गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेल, आणि हँडल उलटं फिरू न देणाऱ्या त्या एकमार्गी बेअरिंगला जवळजवळ काहीच नाही, तेलाचा नुसता पुसट हात. तिथं ग्रीस भरलं की आतले रोलर पकड घेईनासे होतात आणि ऐन मासा लागल्यावर हँडल उलटं गरगरून बोटांवर बसतं.

मा युआन नावाच्या चिनी चित्रकारानं ११९५च्या सुमारास गळ टाकून बसलेला एक माणूस काढला आहे. रिळाच्या सर्वांत जुन्या चित्रांमध्ये त्याची गणना होते. लहानशी होडी, भोवती पाणी, आणि एकटा माणूस. घरी गेल्यावर त्यानं ते रीळ कुणाच्या टॉवेलनं पुसलं, हे चित्रकारानं दाखवलेलं नाही.

जेटीवरच्या चाचांना हे सगळे रिकामपणाचे धंदे वाटतात. त्यांची दोरी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली असते.

"चाचा, हिला तेल-ग्रीस काही?" मी एकदा विचारलं.

"बाटलीला तेल लावत नाय. बाटलीत ठेवतात," चाचा म्हणाले.

त्यांच्या बादलीत दोन तांबोशा होत्या, म्हणून मी वाद वाढवला नाही.

रीळ जोडून झालं, की हँडल घरातल्या प्रत्येकाला फिरवून बघावं लागतं. आई डोळे मिटून आवाज ऐकते आणि मान डोलावते. मुलगा म्हणतो, "फिरतंय." फिरतंय म्हणे! या पिढीला दाद देताच येत नाही.

परवा असाच सोहळा आटोपतो न आटोपतो तोच मित्राचा फोन. "उद्या पहाटे भरती आहे. येतोस ना?"

"उद्या? अरे, आत्ता सगळं साफ करून ठेवलंय. तुझं कसं आहे?"

"माझं जरा करकरतंय."

"मग असं कर, घेऊन ये इकडे."

अर्ध्या तासात तो दोन रिळं घेऊन दारात हजर. एका ट्रेमध्ये ती मावण्यासारखी नव्हती. बायकोनं काही न बोलता फ्रिजमधला दुसरा ट्रे रिकामा करून दिला, आणि रात्री सगळ्यांना आम्लेट मिळालं.