परतीचं भाडं पडेल, साहेब

रात्री अकराला रिक्षावाला ‘येताना रिकामं यावं लागतं’ म्हणून दीडपट मागतो, तेव्हा आपण त्याला लुटारू ठरवतो. चार्टर विमानवाला नेमकं तेच म्हणतो. फक्त त्याच्या बिलावर ‘फेरी चार्ज’ असं छापलेलं असतं, म्हणून गिऱ्हाईक मान डोलावतं. मुंबईहून शिर्डीला दर्शनाला जायचंय आणि जेट दिल्लीत उभं आहे? मग ते दिल्लीहून रिकामं येणार, रिकामंच परत जाणार, आणि मीटर दोन्हीकडे तुमच्या नावावर. उड्डाण अर्ध्या तासाचं, पण बिल बहुधा किमान दोन तासांचं. वर लँडिंग, पार्किंग, वैमानिकांचा मुक्काम, 18 टक्के जीएसटी. मित्राचं विमान पैसे देऊन नेऊ म्हणाल, तर त्याला डीजीसीएचा वेगळा परवाना लागतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं भरता येत नाही, तसंच.

ही रिकामी फेरी कधी स्वस्तात विकायलाही काढतात. वेळ त्यांची, दिशा त्यांची, आणि मूळ गिऱ्हाइकाचा बेत फिरला की फेरीच रद्द. फाट्यावर वडापची वाट पाहणाऱ्याला यात नवीन काही नाही.