'ऑल फॉरमॅट सपोर्टेड' छापणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

स. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. स्पीकरच्या खोक्यावर कंपनीचं नाव आहे, आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, एमआरपीसुद्धा आहे. पण सोनेरी अक्षरांत 'ऑल फॉरमॅट सपोर्टेड' लिहिणाऱ्या प्रतिभावंताचा उल्लेख कुठेच नाही. तीन शब्दांत एवढी कल्पनाशक्ती आमच्या कादंबरीकारांनाही साधत नाही. म्हटलं, जाहीर कौतुक व्हायलाच हवं.

आमच्या घरी पेन ड्राइव्ह भरून शास्त्रीय गाणं आहे. जुन्या सीडींवरून उतरवलेलं फ्लॅकमध्ये, मित्रमंडळींनी पाठवलेलं एमपीथ्री, आयफोनवाल्या भाच्याने दिलेलं एमफोरए आणि घरगुती बैठकींची वेव्ह रेकॉर्डिंगं. आपल्या 'ऑल'ची परीक्षा घ्यायला एवढं पुरेसं होतं.

सुरुवात नावांपासून झाली. फाइलींना नावं देवनागरीत दिलेली, आणि पडद्यावर आली ती ओळीने प्रश्नचिन्हं. यमन कुठला नि भूप कुठला, ते चिन्हं मोजून ओळखायचं. शिवाय फाइली नावाच्या क्रमाने नाहीत, तर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजल्या. त्यामुळे द्रुत आधी आणि विलंबित नंतर. घराणी एवढी झाली, पण हे धाडस कोणी केलं नव्हतं.

मग बैठकीची वेव्ह फाइल लावली. ती व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेली, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांची. आपल्या स्पीकरला सीडीचे ४४,१०० तेवढे माहीत. त्याने फाइलीला काही न विचारता आपल्याच गतीने ती वाजवायला घेतली. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज जवळजवळ दीड अर्धस्वर खाली घसरला आणि पांढरी सात व पांढरी एक यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला. तिथे पेटीवाल्यालाही बोट ठेवायला जागा नाही. तासाभराची बैठक ६५ मिनिटं १८ सेकंदांची झाली. वरची पाच मिनिटं आपल्याकडून भेट समजू का?

दुसरं एक रेकॉर्डिंग २४ बिटचं होतं. त्यातला प्रत्येक नमुना तीन बाइटांचा. आपला स्पीकर दोन-दोन बाइट उचलत गेला आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज पूर्ण व्हॉल्यूममध्ये घरभर घुमला. निदान 'चालत नाही' असा संदेश तरी द्यायचा! पण 'ऑल' म्हटल्यावर नाही कसं म्हणणार.

खरी कमाल पुढे आहे. सीडीवर एक मोठा ख्याल तीन ट्रॅकमध्ये तोडलेला होता. तबल्याची तिहाई आली, धा धा करत समेवर उतरणार, तेवढ्यात ट्रॅक संपला आणि सम पुढच्या ट्रॅकमध्ये गेली. सीडी प्लेअरवर हा सांधा कधी कळलासुद्धा नाही. आपल्याकडे मात्र समेच्या जागी शांतता, मग एक बारीक 'टक्', आणि मग 'धा'. पहिला ट्रॅक संपण्याआधी पुढचा उघडून ठेवायचा, एवढंच काम होतं. एमपीथ्रीत फाइल तयार होतानाच दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते हे खरं, पण ती किती हेही बहुतेक वेळा फाइलीतच नोंदलेलं असतं. चांगला प्लेअर ती नोंद वाचून तेवढा भाग कापतो. आपला प्लेअर वाचनापासून चार हात दूर राहतो.

भाच्याच्या फाइली निम्म्या वाजल्या, निम्म्या नाहीत. एमफोरए ही नुसती पिशवी; आत एएसी असेल किंवा अ‍ॅपलचं लॉसलेस. आपण बहुधा पिशवीच तपासली.

शेवटी ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या ताई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ब्लूटूथवर लावा ना, सगळं वाजतं." तेव्हा आपल्या 'ऑल'चं गुपित कळलं. ब्लूटूथवर फाइल उलगडतो तो फोन. तुमचा स्पीकर फक्त एसबीसीमध्ये पुन्हा आवळलेला आवाज ऐकवतो, सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटचा. सीडीचा असतो १,४११. म्हणजे कष्ट माझ्या फोनचे आणि बिरुद तुमच्या खोक्यावर.

खर्चाचं कारण सांगू नका. एमपीथ्रीचे परवाने देण्याचा कार्यक्रम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१७ च्या एप्रिलमध्येच बंद केला. फ्लॅक २००१ पासून सर्वांना मोफत आहे. एमपीथ्रीच्या मानकाचा चौथा भाग तर केवळ तपासणी कशी करायची यासाठी लिहिलेला आहे. एफएफएमपेग हे फुकटचं साधन एकाच गाण्यापासून ४४,१०० आणि ४८,०००, १६ बिट आणि २४ बिट, मोनो आणि स्टिरिओ अशा हव्या तेवढ्या फाइली करून देतं. दुपारच्या चहापर्यंत तपासणीचं काम उरकलं असतं. एमपीथ्री घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग यांनी सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण वाद्यांशिवायच्या त्या मोकळ्या आवाजात पद्धतीतला प्रत्येक दोष उघडा पडत होता. आपण आपल्या स्पीकरवर अख्खं गाणं एकदा तरी ऐकलंत का? माझा अंदाज असा की कारखान्यातली कुठलीशी एमपीथ्री लागली, कोणीतरी 'वाजलं' म्हणालं आणि खोकी छापायला गेली.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या खेपेला खोक्यावर 'एमपीथ्री वाजते' असं छापा. शाई वाचेल आणि विधान खरं ठरेल.

कळावे, लोभ कमी झाला आहे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. हे पत्र इतर कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: स्पीकर घ्यायला जाताना खिशात पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात एक फ्लॅक, एक ४८,०००ची वेव्ह, एक एमफोरए आणि देवनागरी नावाची एक एमपीथ्री असू द्या. पैसे देण्याआधी चारही फाइली दुकानातच, ब्लूटूथ बंद करून, वाजवून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.