सात मीटरची लाट

५० हर्ट्झचा स्वर हवेत निघाला की त्याची एकेक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, त्याला पन्नासाने भागायचं, झालं. अडचण येते ती नंतर. नालासोपाऱ्यात किंवा विरार पूर्वेला बिल्डर ज्या खोलीला 'हॉल' म्हणतो ती फार तर १० बाय १२ फुटांची. ही लाट तिथे उभी मावत नाही, आडवी मावत नाही, आणि तिरकी घातलीच तर डोकं जिन्यात आणि पाय न्हाणीघराच्या खिडकीबाहेर जातील. नेमक्या अशाच हॉलमध्ये पलंगाच्या काठावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एखादा मुलगा रात्र रात्र ही लाट घडवत असतो. जे घरात मावणार नाही ते घरातच घडवायचं, ही खोड पूर्वी फक्त गणपतीच्या मूर्तिकारांना होती, आणि त्यांनाही निदान दार मोडून काढता येत असे.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असा एक मुलगा आहे. त्याला दोन नावं आहेत. एक बारशाला ठेवलेलं आणि दुसरं पोस्टरवरचं. दुसऱ्यात त्याने सगळे स्वर गाळून टाकले आहेत. रोमन लिपीतली मोठी व्यंजनं ओळीने उभी असतात, फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांसारखी, एकमेकांकडे न बघता. त्याचा उच्चार कसा करायचा हे त्याच्या आईला ठाऊक नाही, आणि मला शंका आहे की त्यालाही रोज वेगळा सुचतो. तो बेस म्युझिक करतो. त्यात सूर असतात, ताल असतो, कधी कुणाच्या गाण्याची चिंधीही लोंबत असते. पण खरा नायक तळाचा स्वर, जो कानाला जेमतेम आणि छातीला पुरेपूर कळतो. वडील विरार फास्टने रोज चर्चगेटला जातात. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणतात, "कॉम्प्युटरमध्ये आहे," आणि यात खोटं काहीच नाही.

लहान खोलीत खालचा स्वर फार विचित्र वागतो. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा खोलीच्या मध्यावर एकमेकींना गिळून टाकतात आणि कोपऱ्यांत मात्र साचतात. पलंग मध्यावर. त्यामुळे ज्याने तो स्वर निर्माण केला त्यालाच तो ऐकू येत नाही. बिचारा वाढवत जातो. कोपऱ्यात गोदरेजचं कपाट, त्याच्या पलीकडे स्वयंपाकाचा ओटा, आणि ओट्याशी त्याची आई. सगळा बेस तिच्या वाट्याला येतो. "आज कालच्यापेक्षा बरं आहे हो तुझं," ती कणीक मळता मळता सांगते, "पिठाचा डबा गप्प आहे. चमच्यांचा स्टँड तेवढा वाजतोय." आणि मुलगा गंभीरपणे पडद्यावरची एक रेघ चिमूटभर खाली ओढतो. लंडन-बर्लिनला या कामाचे लोक तासाला पैसे घेतात आणि त्यासाठी भिंतींना स्पंज लावलेल्या खोल्या बांधतात. आमच्याकडे चमच्यांचा स्टँड आहे.

हेडफोन आहेत त्याच्याकडे, चांगले आहेत, पण हेडफोन कानाशी बोलतात, बरगड्यांशी नाही. म्हणून शेवटची परीक्षा रिक्षात. आमच्याकडच्या शेअर रिक्षांत मागच्या सीटच्या पाठीशी जे सबवूफर, म्हणजे सब, बसवलेले असतात ते ज्यांच्या मणक्याने भोगले आहेत त्यांना सांगायला नको. हा मुलगा ओळखीच्या रिक्षावाल्याला पेन ड्राइव्ह देतो आणि स्टेशनपासून नाक्यापर्यंत चौथी सीट घेऊन बसतो. एकदा मीही त्या रिक्षात होतो. रिक्षावाल्याने मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि उतरताना फार मायेने विचारलं, "बेस भारी आहे रे, पण गाणं कधी सुरू होणार?"

माझ्या पिढीला या संगीताचा उगम एखाद्या झगमगाटी शहराच्या मधोमध असेल असं वाटतं. तसं नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मरला तारा गुंडाळायचा, आणि १९७० च्या आसपास त्याने तयार गाण्यांतला गायक काढून टाकून ढोल आणि बेस तेवढे शिल्लक ठेवायला सुरुवात केली. वजाबाकीतून संगीत. जमैकाचे लोक ते आपल्या भिंतीएवढ्या स्पीकरांसकट इंग्लंडला घेऊन गेले. त्याची पुढची एक पालवी फुटली ती क्रॉयडनला. क्रॉयडन म्हणजे लंडनच्या दक्षिणेचं उपनगर, रोज सकाळी लोकांना गाडीत भरून शहराकडे पाठवणारं. तिथे सरे स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर भाजीबाजार भरतो आणि त्याच रस्त्यावर 'बिग ॲपल' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्या दुकानात काम करणाऱ्या स्क्रीम नावाच्या पोराने घरच्या कॉम्प्युटरवर, फ्रूटीलूप्स या बेल्जियममध्ये तयार झालेल्या प्रणालीवर, ट्रॅक बनवायला घेतले. २००५ मध्ये त्याचा 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' आला तेव्हा तो विशीतही नव्हता. या संगीताचं डबस्टेप हे नाव जगभर झालं, मिनिटाला १४० ठोक्यांचं. त्याच वर्षी ब्रिक्स्टनमध्ये या संगीताची जी प्रसिद्ध रात्र सुरू झाली ती सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीतल्या क्लबात. चर्च, भाजीबाजार, गर्दीची गाडी. मी ही हकिगत वाचली तेव्हा मला परदेशाबद्दल काही वाचतोय असं वाटलंच नाही. वसईतल्या पापडीचा बाजार आणि कृपामातेचं चर्च यांच्यामधून जाताना मी त्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला माहितीय. म्हणून तर मी अंधेरीला भाड्याने जात नाही." दुसरं कारण अंधेरीचं भाडं, पण ते त्याने उच्चारलं नाही आणि मीही नाही.

वसईचं आणि खालच्या स्वराचं नातं जुनं आहे. माझ्या लहानपणी भुईगावच्या बाजूला रात्री जाग आली की समुद्राची गाज ऐकू यायची. लाटांची खळखळ किनाऱ्यावरच विरायची, कारण हवा बारीक आवाज लवकर पिऊन टाकते. माडांच्या वाड्या ओलांडून घरापर्यंत पोचायचा तो फक्त तळ. आजोबा त्या तळावरून उद्याचा पाऊस सांगायचे. बहुतेक वेळा चुकायचे, पण इतक्या ठाम आवाजात सांगायचे की पाऊसच ओशाळेल. वाड्यांत तेव्हा बैलाने फिरवायचे रहाट होते. त्यांची कुरकुर दिवसभर पार्श्वसंगीतासारखी चालायची आणि थांबली की एकदम कान टवकारायचे. या मुलांच्या संगीतात ड्रॉप म्हणून जी जागा असते, सगळं क्षणभर थांबतं आणि मग तळ कोसळतो, ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बैल थांबला, आता आजोबा ओरडणार.

आणि वसईच्या आवाजाचं नशीबही ठरलेलं आहे. तो वसईत राहत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. एक भीमाशंकराला लागली, एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात. ज्या घुमण्याने वसईच्या केळीच्या बागा सकाळी जाग्या व्हायच्या त्याने पुढे पंचवटी जागी होऊ लागली. पुढे मोगरा दादरला गेला, भाजी दादरला गेली, सुकेळी मिळेल तिथे गेली. आता या मुलाची लाट जाते. खारला, लोअर परळला, कधी पुण्याला. जिथे छत उंच आणि सब माणसाएवढे, तिथे ती प्रथमच अंग पसरते आणि तिच्या बापाला प्रथमच पूर्ण ऐकू येते. आपण काय केलंय हे कळायला माणसाला इतकं लांब जावं लागतं.

मध्यंतरी तो जव्हारकडे जाऊन तारपा ध्वनिमुद्रित करून आला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यावर वारली माणूस रात्र उभी करतो. वाजवणारा मध्ये, नाचणारे भोवती, आणि तारप्याला कुणी पाठ दाखवायची नाही असा दंडक. स्वर बदलला की अख्खं वेटोळं उलट्या दिशेने फिरतं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी ते वेटोळं जगाच्या भिंतींवर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डीजेची सगळी स्वप्नं या एका चित्रात आहेत, हे त्या मुलानेच मला सांगितलं. एक माणूस, एक स्वर, आणि कुणाचीही पाठ नाही. त्याने चार सेकंदांचा तुकडा कापून त्याचा लूप केला, खाली सब टाकला आणि मला ऐकवला. ट्रॅक देखणा होता, पण मला तो तिथे उणा वाटला. तारपावाल्याचा दम मध्येच थोडा ढळतो, परत सावरतो. लूपचा कधीच ढळत नाही. मी तसं बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "श्वास ठेवला होता काका. चमच्यांना आवडला नाही."

अशा कलाकाराचा उदय, उदय म्हणतात तो या क्षेत्रात कसा मोजायचा? बेस म्युझिक करणारा न्यूक्लिया, म्हणजे उद्यन सागर, आग्र्यात जन्मलेला, अहमदाबादेत वाढलेला. १९९८ च्या सुमारास 'बंदिश प्रोजेक्ट'पासून तो या वाटेवर होता आणि त्याचा 'कूचा मॉन्स्टर' आला २०१३ मध्ये. मधल्या सव्वा तपाला कुणी उदय म्हणत नाही, तेव्हा त्याला नातेवाईक 'अजून तेच का?' म्हणतात. २०१५ मध्ये त्याने 'बेस रानी' हा अल्बम मुंबईच्या गणपती विसर्जनात, ट्रकवर उभं राहून लोकांपुढे आणला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्या गर्दीच्या छातीत तो ठोका आधीपासून होता तिथेच त्याने तो परत नेऊन दिला. आमच्या मुलाने हा प्रयोग मावसबहिणीच्या हळदीत केला. मांडव क्षणभर स्तब्ध झाला, लहान पोरं तेवढी स्पीकरला पोट लावून उभी राहिली, आणि मग एका मामाने मोबाइल पुढे करून कोळीगीत लावायला सांगितलं. त्याने लावलं. नुसतं लावलं नाही, त्याच्या तळाशी आपला सब हळूच सरकवला. मामा पहाटेपर्यंत नाचला आणि त्याचं श्रेय आजही कोळीगीतालाच देतो.

उदयाचं त्यापेक्षा पोस्टर हे बरं मोजमाप आहे. पहिल्या पोस्टरवर त्याची व्यंजनं इतकी बारीक होती की आईने ती चष्मा पुसून, मग चष्मा काढून, मग मला हाक मारून वाचून घेतली. "भावजी, हे मुंग्यांसारखं आहे ते आमचंच ना?" आता ती दोन ओळी वर सरकली आहेत आणि बिनचष्म्याची दिसतात. फ्रिजवर चुंबकाखाली सगळी पोस्टरं एकावर एक लावलेली आहेत. वडील पाणी प्यायला उठले की फ्रिज उघडण्याआधी तिथे जरा रेंगाळतात. बोलत काही नाहीत. मागच्या आठवड्यात मात्र गाडीतल्या मित्रांनी विचारलं तेव्हा म्हणाले म्हणे, "म्युझिकमध्ये आहे. कॉम्प्युटरवर."

कार्यक्रम संपतो तेव्हा शेवटची विरार कधीच गेलेली असते. मग पहाटेपर्यंत स्टेशनाबाहेर चहा, आणि पहिली गाडी. तो उतरतो तेव्हा समोरच्या फलाटावर शहराकडे जाणारी गाडी उभी असते, मालडब्यात भाजीच्या टोपल्या चढत असतात, मोगऱ्याची गाठोडी चढत असतात. त्याच्या कानात अजून शिट्टी वाजत असते, त्यामुळे ओळखीची माणसं काय म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही. तो सगळ्यांना हसून मान हलवतो. घरी येऊन झोपतो आणि दुपारी उठून पहिली गोष्ट आईला विचारतो की काल रात्री घरी शांत वाटलं का. ती म्हणते, "अगदीच शांत. झोप नाही लागली."

पोस्टरवर ज्याचं नाव तळाशी असतं तो सगळ्यांत आधी वाजवतो, बहुतेक वेळा रिकाम्या हॉलला आणि ग्लास पुसणाऱ्या दोघा-तिघांना. बाकीचे लोक मोठ्या नावासाठी उशिरा येतात. तुम्ही कधी गेलात तर दारं उघडायच्या वेळेला जा, आणि खोलीच्या मध्यावर उभे राहू नका. कोपऱ्यात उभे राहा.