विजेतेपद परवडत नाही

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉलचा अभ्यास करणाऱ्यास एक नियम लवकरच मान्य करावा लागतो: संघाला पराभव पचतो, विजय पचत नाही. ‘विमेन्स प्रोफेशनल सॉकर’ ही लीग २००९ मध्ये सात संघांनिशी सुरू झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील ‘एफसी गोल्ड प्राइड’ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला आणि त्यामुळेच की काय, सुखरूप राहिला.

संकट ओढवले ते महत्त्वाकांक्षेपायी. त्या हंगामात साखळीत अव्वल ठरलेला ‘लॉस एंजेलिस सोल’ जानेवारी २०१० मध्येच गुंडाळला गेला (अव्वल येण्याचे प्रायश्चित्त इतक्या तत्परतेने क्वचितच घडते), आणि त्याच्या खेळाडूंची ‘डिस्पर्सल ड्राफ्ट’ने, म्हणजे मृत संघाची माणसे हयात संघांनी पाळीपाळीने निवडून घेण्याच्या पद्धतीने, वाटणी झाली. तीत गोल्ड प्राइडच्या वाट्याला मार्ता आली. ब्राझीलची ही आघाडीपटू तोवर सलग चार वर्षे ‘फिफा’ची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली होती, आणि कॅनडाची क्रिस्टिन सिंक्लेअर संघात आधीपासून होतीच. मे महिन्यात ‘सेंट लुईस अ‍ॅथलेटिका’ने हंगाम ऐन भरात असताना गाशा गुंडाळून विजेतेपदाची जोखीम टाळली, गोल्ड प्राइडला तेवढा शहाणपणा सुचला नाही. २६ सप्टेंबर २०१० रोजी हेवर्डच्या छोटेखानी मैदानावर त्याने फिलाडेल्फिया इंडिपेंडन्सचा ४-० असा धुव्वा उडवून करंडक जिंकला, आणि नोव्हेंबरमध्ये संघ बंद झाल्याचे जाहीर झाले. खर्चाचा भार वाटून घेणारा नवा गुंतवणूकदार मिळाला नव्हता. खतावणीत गोलांचा रकाना नसल्याने मार्ताची कामगिरी जमेच्या बाजूला मांडता येणे शक्यच नव्हते.

२०११ चा हंगाम अशा रीतीने गतविजेत्यावाचून सुरू झाला. वॉशिंग्टनचा संघ एका उद्योजकाने फ्लोरिडात नेऊन त्याला आपल्या इंटरनेट दूरध्वनी उपकरणाचे ‘मॅजिकजॅक’ हे नाव दिले. पुढे लीगने त्याची फ्रँचाइझी, म्हणजे लीगमध्ये संघ चालवण्याचा हक्क, काढून घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मार्ता एव्हाना ‘वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश’कडे पोहोचली होती, आणि अपेक्षेप्रमाणे तोच संघ विजेता ठरला. या खेपेस मात्र नियमाला अपवाद घडला व विजेता संघ तगला. मे २०१२ मध्ये बंद पडली ती लीगच.